मॉरिशस: रोज गाडी-ड्रायव्हर ठरवून फिरायचं आहे, अनुभव सांगा

अबोली_

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत मॉरिशसला जायचं ठरतंय. मी, नवरा, सहा वर्षांची लेक आणि माझे आई-बाबा. दोघंही सत्तरीच्या पुढचे. चालते-फिरते आहेत, पण बाबांच्या गुडघ्यांना पायऱ्या फार झेपत नाहीत. आईला रोज बॅगा उपसा-भरा करायचा वैताग येतो, म्हणून सगळा मुक्काम एकाच ठिकाणी, पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक-अन-फ्लॅकला करायचा विचार आहे. स्वयंपाकघर असलेली जागा बघून ठेवली आहे.

ट्रॅव्हल एजंटच्या पॅकेजमध्ये 'नॉर्थ टूर', 'साउथ टूर' आणि इल ऑ सर्फ हे छोटं बेट, असं सगळं बसने आहे. बस आधी चार हॉटेलांवरून माणसं गोळा करणार, मग निघणार. आम्हाला ते नको आहे. दिवसाच्या हिशेबाने गाडी आणि ड्रायव्हर मिळतो का? काय काय आधी बोलून घ्यायचं? कोणत्या दिवशी कुठे जावं? नवरा म्हणतोय गाडी भाड्याने घेऊन स्वतःच चालवू, पण मला तो सुट्टीत रस्त्यांवर नाही, आमच्याबरोबर हवा आहे.

वाटसरू

कामानिमित्त काही वर्षं मॉरिशसमध्ये एबेनला राहिलो. घरचे, मित्र, मित्रांचे आई-वडील असे पाहुणे सतत यायचे आणि त्यांच्या गाड्या ठरवणं हे माझंच काम. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ड्रायव्हर घेऊन फिरायचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. या बेटाला तो शोभतो. लांबी जेमतेम ६५ किमी, रुंदी ४५. कुठूनही निघालात तरी संध्याकाळी मुक्कामी परत येता येतं. पण लोक इथेच फसतात. नकाशा बघून वाटतं, एका दिवसात अर्धं बेट होईल. मधोमध पठार आहे, बरेच रस्ते गावांच्या पोटातून जातात आणि राजधानी पोर्ट लुईची सकाळ-संध्याकाळची कोंडी मुंबईकरालाही जाणवते. फ्लिक-अन-फ्लॅकहून उत्तरेला ग्रां बेला जायचं तर राजधानी पार करावी लागते. तास-सव्वा तास सहज जातो.

तिथे उबर-ओला नाही. ड्रायव्हर म्हणजे परवानाधारक टॅक्सीवाला. मीटर चालत नाही, भाडं आधी ठरतं. दिवसाची बोली साधारण आठ तासांची, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, इंधन त्यातच. तुम्ही पाच जण आहात, म्हणजे नेहमीची टॅक्सी चालणार नाही, त्यात चारच प्रवासी बसतात. सात आसनी गाडी आधीच सांगून ठेवा. लेकीसाठी चाइल्ड सीट हवी तर तेही त्याच वेळी सांगा, आयत्या वेळी मिळत नाही.

हॉटेलच्या काउंटरवरून गाडी मागवलीत तर त्यांचा वाटा भाड्यात चढतो. थेट बोललात तर कमी पडतं. विमानतळावर घ्यायला येणारा ड्रायव्हर ही माझी परीक्षेची पद्धत होती. विमानतळ आग्नेय टोकाला आहे, फ्लिक-अन-फ्लॅक तासभर लांब. त्या तासाभरात माणूस कसा चालवतो, कसा बोलतो, आई-बाबांना हात देतो का, सगळं कळतं. आवडला तर तिथेच पुढचे दिवस बोलून टाका. एकदम सगळ्या दिवसांचे पैसे आगाऊ देऊ नका, रोजचे रोज द्या.

आणखी एक. किनाऱ्यावर 'माझ्या भावाची गाडी आहे, स्वस्तात फिरवतो' म्हणणारे भेटतील. त्यांना तिकडे 'टॅक्सी मारों' म्हणतात, म्हणजे विनापरवाना. तिथे पैसे वाचवायला जाऊ नका. अपघात झाला तर प्रवाशांच्या विम्याचा मोठा घोळ होतो, आणि तुमच्याबरोबर म्हातारी माणसं आणि मूल आहे.

केतकीचे_बन

आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो. सात आसनी गाडीला दिवसाचे ४००० मॉरिशस रुपये दिले. त्यांचा रुपया आपल्या दोन रुपयांच्या जरा आत पडतो. ज्या दिवशी जवळच फिरलो त्या दिवशी कमी घेतले.

आमच्या ड्रायव्हरकाकांबद्दल काय सांगू! भोजपुरी बोलत मोठे झालेले, आमच्याशी हिंदी, हॉटेलात फ्रेंच आणि फोनवर क्रिओल. पणजोबा बिहारहून आलेले एवढंच त्यांना माहीत. माझ्या सासूबाई आणि ते दिवसभर गप्पा मारत असायचे.

फक्त दुकानांचं लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी आम्हाला पठारावरच्या क्युरपिप-फ्लोरेआल भागात जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, मग हिऱ्यांचं दुकान, मग कपड्यांचं, असं नेलं. दीड तास त्यातच गेला. तिथे ड्रायव्हरला कमिशन मिळतं. दुसऱ्या दिवशी आम्ही शांतपणे सांगितलं, 'काका, खरेदी नको, वेळ डोंगरात घालवू.' ते लगेच मानले, चेहऱ्यावर आठीसुद्धा नाही. न बोलता कुढत बसण्यापेक्षा सकाळीच सांगावं.

निनाद_गो

वेगळं मत. स्वतः चालवा. आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक, रस्ते चांगले, खुणा स्पष्ट. आम्ही दोघंच होतो, गाडी भाड्याने घेतली आणि मनाला येईल तिथे थांबलो. संध्याकाळी सातला उठून समुद्रावर जायचं झालं तर कोणाला विचारायला नको.

वाटसरू

निनाद, दोघांसाठी मीही तेच म्हणेन. पण अंधार पडल्यावर गावांबाहेरचे रस्ते अरुंद आहेत, कडेला पायवाट नाही, दोन्ही बाजूंना उसाची भिंत आणि मधूनच सायकलवाला. नकाशाचं ॲप कधीकधी उसाच्या शेतातल्या रस्त्यावर घालतं. म्हातारी माणसं बरोबर असताना चालवणाऱ्याचं निम्मं लक्ष मागच्या सीटवर असतं. अबोलीताईंनी लिहिलंय ते मला पटतं, नवरा खिडकीतून बाहेर बघणारा हवा.

आता दिवसांचं. माझा एकच आग्रह आहे: एका दिवशी बेटाचा एकच कोपरा, आणि त्यात दोन मोठी ठिकाणं. बाकीचा वेळ मोकळा. पॅकेजवाले 'साउथ टूर'मध्ये जहाजाचा कारखाना, ज्वालामुखीचं विवर, गंगा तलाव, दरीचा पॉइंट, धबधबा, रंगीत माती असं सगळं कोंबतात. माणसं गाडीतून उतरतात, फोटो काढतात, परत चढतात. ठिकाणं बघून होतात, पण बेट भेटत नाही. आणि ड्रायव्हर स्वतः घेतल्याचा सगळा फायदा तिथेच जातो.

नैर्ऋत्येचा दिवस असा करा. सकाळी वर पठारावर गंगा तलाव. ज्वालामुखीच्या विवरात साठलेलं तळं, काठावर देवळं आणि वाटेतच १०८ फुटी मंगल महादेव. तो पुतळा २००७ चा, समोर दुर्गेचा नंतरचा. खाली समुद्रावर घाम येत असताना इथे गार वारा आणि ढग असतात, आईंची शाल गाडीत ठेवा. माकडं आहेत, प्रसाद हातात उघडा धरू नका. तिथून प्लेन शांपान्यच्या रस्त्याने ब्लॅक रिव्हर गॉर्जेसची दरी. पॉइंट रस्त्यालगत आहे. हे राष्ट्रीय उद्यान १९९४ चं, बेटाचं उरलंसुरलं मूळचं जंगल इथेच. मॉरिशसचा केस्ट्रेल ससाणा १९७४ साली जंगलात फक्त ४ उरला होता, तो याच दऱ्यांमध्ये वाचवला. नशीब असेल तर आकाशात दिसतो. पांढऱ्या, लांब शेपटीचे पक्षी दरीच्या पोकळीत घिरट्या घालताना तर बहुतेक दिसतातच. मुलीला दुर्बीण द्या.

मग शामारेल. सात रंगांची माती म्हणजे बेसॉल्ट कुजून झालेली चिकणमाती, लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी रंगलेली. आता कुंपण आहे, त्यावर चालता येत नाही, आणि ते बरंच झालं. ऊन असेल तरच रंग खुलतात, ढगाळ दिवशी निराशा होते. धबधबा त्याच आवारात, त्याच तिकिटात, आणि बाबांना फार चालावं लागत नाही.

इथे एक गोष्ट ड्रायव्हरला आधी सांगायची. शामारेलला पश्चिमेकडून, काझ नोआयालहून येणारा घाट उभा आणि नागमोडी आहे. गाडी लागणाऱ्यांना तो चढताना त्रास होतो. म्हणून पठारावरून यायचं आणि जेवून, थोडं थांबून हा घाट उतरायचा. उतरताना एका वळणावर अख्खं खाजण आणि ल मोर्नचा कडा एकदम समोर येतो. तिथे गाडी थांबवायला सांगा.

केतकीचे_बन

+१. आम्ही उलट गेलो होतो, माझ्या मुलीला चढतानाच उलट्या झाल्या. वाटसरूंनी सांगितलेला क्रमच ठेवा.

गणोबा

ल मोर्नचा विषय निघालाच आहे तर लिहितो. ५५६ मीटरचा हा एकटा कडा २००८ साली जागतिक वारसा झाला. पळालेले गुलाम याच्या माथ्यावर, कपारींत लपून राहायचे. लोकांच्या आठवणीत अशी कथा आहे की १८३५ साली गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर येऊ लागले, तेव्हा हे पकडायलाच आलेत असं समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या. १ फेब्रुवारीला तिकडे गुलामगिरी संपल्याची सुट्टी असते. बरीच माणसं पायथ्याच्या किनाऱ्यावर फोटो काढून जातात. ड्रायव्हरला ही गोष्ट विचारा, क्रिओल, म्हणजे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वंशातला ड्रायव्हर असेल तर आवर्जून. आमच्याने गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ बोलला. त्याच्यासाठी ती घरातली गोष्ट होती.

अबोली_

किती छान माहिती मिळतेय! आई माझ्या मागे उभी राहून वाचतेय. तिचा प्रश्न: तिथे मराठी लोक आहेत म्हणतात, त्यांच्या वस्तीत जाता येईल का? आणि दिवाळी तिथे कशी असते?

वाटसरू

काकूंना नमस्कार सांगा. आहेत आणि चांगले स्थिरावलेले आहेत. मुंबई बंदरातून गेलेली ही माणसं, बरीचशी कोकणातली. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळेत मराठी हा विषय घेता येतो. तिथली मराठी मंडळी सांगतात की पहिला गणपती १८९६ साली हेन्रिएटा गावात बसला. महाराष्ट्र भवनात २०२३ साली शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

कास्कावेल गाव तुमच्या मुक्कामापासून अगदी जवळ आहे आणि तिथे मराठी घरं आहेत. हेन्रिएटा वाकोआच्या वर, तामारँच्या धबधब्यांच्या वाटेवर आहे. धबधब्यांत उतरणं बाबांना जमणार नाही, पण वरून दिसतात. वस्तीत 'बघायला' म्हणून जाऊ नका, देवळात जा. तिथे कोणीतरी बोलतंच. त्यांची रोजची भाषा क्रिओल झाली आहे, तरुणांना मराठी थोडीच येते, पण आरती पाठ असते. काकूंनी आरती सुरू केली तर चार माणसं येऊन उभी राहतील.

दिवाळीलाही सुट्टी असते, आणि तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं. बरेच ड्रायव्हर हिंदू आहेत, त्या दिवशी घरी असतात. गाडी हवीच असेल तर आधी विचारा, नाहीतर तो दिवस समुद्रावर घालवा. संध्याकाळी मात्र जमलं तर उत्तरेत त्रिओलेला दिव्यांची रोषणाई बघायला जा. बेटभरातून लोक येतात. गाडीवाला अर्ध्या संध्याकाळीपुरता तयार होतो, बहुधा घरच्यांनाही तिथेच घेऊन जाणार असतो. २ नोव्हेंबरलाही सुट्टी असते.

गणोबा

२ नोव्हेंबर का ते लिहायला हवं. १८३४ साली त्या दिवशी 'ॲटलास' जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर आले. त्यानंतर करारावर आणलेल्यांचा आकडा साडेचार लाखांच्या वर गेला. गुलामगिरी संपली, उसाला माणसं हवी होती, म्हणून इंग्रजांनी हा प्रयोग इथे केला आणि मग फिजी, त्रिनिदाद, गयानापर्यंत नेला. हे मजूर जिथे उतरायचे तो पोर्ट लुईतला आप्रवासी घाट पॅकेजमध्ये सहसा नसतो. तो चुकवू नका.

आता तिथे मोठं बांधकाम फारसं उरलेलं नाही. दगडी भिंतींचे तुकडे, न्हाणी, दवाखान्याची खोली, आणि त्या १६ पायऱ्या. बोटीतून उतरलेला माणूस याच पायऱ्या चढून आत यायचा, त्याची नोंद व्हायची आणि मग कुठल्या मळ्यावर पाठवायचं ते ठरायचं. पायऱ्या काळ्या बेसॉल्टच्या आहेत, सह्याद्रीत दिसतो तोच दगड, मधल्या भागात झिजलेल्या. मी खालच्या पायरीपाशी वाकून हात लावला, तर उन्हानं तापलेली होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ चप्पल काढून उभे होते. नमस्कार केला आणि निघून गेले. प्रवेशाला पैसे नाहीत, शेजारचं माहिती केंद्र नीट केलेलं आहे. मोका गावात महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, तिथे लोक पणजोबांचं गाव शोधत येतात.

केतकीचे_बन, तुमच्या काकांना पणजोबांचं गाव माहीत नाही म्हणालात ना. पुन्हा बोलणं झालं तर त्यांना हे सांगा.

केतकीचे_बन

अंगावर काटा आला वाचून. त्यांचा नंबर आहे माझ्याकडे, आजच कळवते.

मिरची_भजी

खाण्याचं कोणीच लिहीत नाही! ढोल पुरी खा. पिवळी डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी, दिसायला थेट पुरणपोळी, चव तिखट-मिठाची. जोडीनेच देतात. माणूस ताटातून एक उचलतो, त्यावर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय, हिरवी चटणी असं फटाफट टाकतो, गुंडाळतो, कागदात घालून हातात. ठेला कोणता ते ड्रायव्हरला विचारा. प्रत्येकाचा एक ठरलेला असतो आणि त्यावर ते भांडतात. सकाळीच जा, दुपारपर्यंत चांगल्या ठेल्यांवर संपते.

पोर्ट लुईच्या मार्केटात आलुदा, आपल्या फालुद्याचा भाऊबंद. रस्त्यावर चिंच-मिरची लावलेला अननस. शाकाहारी असाल तर अडचण नाही, पण नूडल्स आणि भातात अंडं किंवा मासळीची सॉस असू शकते, विचारून घ्या. जेवायच्या वेळी ड्रायव्हरला बरोबर बसवा. नाही म्हणतात, पुन्हा म्हणा.

अबोली_

आई म्हणतेय ढोल पुरी घरीच करून बघू या आधी.

उत्तर आणि पूर्वेचं राहिलं. इल ऑ सर्फसाठीही ड्रायव्हर लागेल ना?

वाटसरू

उत्तरेचा दिवस: सकाळची कोंडी ओसरली की निघा. आधी पोर्ट लुई, म्हणजे आप्रवासी घाट आणि बाजार. दुपारी पाँपलमूसची बाग. सपाट आहे, बाबांना आवडेल. तिथलं मोठ्या कमळपानांचं तळं बघायला लेकीला वेळ द्या. फूल पहिल्या दिवशी पांढरं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी असतं, दोन्ही शोधायला सांगा. शेवटी काप मालेरो, लाल छपराचं चर्च आणि समोर समुद्रात बेटं. ग्रां बे वगळलात तरी चालेल.

पूर्वेचा दिवस: त्रू दो दूसला गाडी सोडते, पुढे बोटीनं इल ऑ सर्फ. बोटीचं भाडं वेगळं, ड्रायव्हरच्या भाड्यात नसतं. परतीची वेळ बोटवाल्याशी आणि ड्रायव्हरशी दोघांशी पक्की करा. पूर्वेला जुलै-ऑगस्टमध्ये वारा फार, तुमच्या वेळेला ठीक असतो. माझं मत विचाराल तर त्याऐवजी आग्नेयेला जा: माएबुर्ग, ब्लू बे आणि तिथून बोटीनं इल ओ एग्रेत. हे छोटं राखीव बेट आहे, वाटाड्या बरोबर असतो, महाकाय कासवं मोकळी फिरतात, गुलाबी कबुतरं दिसतात. तिथे आगाऊ नोंदणी लागते. सोमवार असेल तर माएबुर्गचा बाजारही मिळेल.

दक्षिण टोकाला ग्री ग्री मला सगळ्यात आवडतं. बेटाभोवती प्रवाळाचं कुंपण आहे, म्हणून सगळीकडे समुद्र शांत. इथे ते तुटलंय आणि लाटा सरळ कड्यावर आदळतात. पोहायचं अजिबात नाही. जाताना बोआ शेरीचा चहाचा मळा घ्या, व्हॅनिलाचा चहा आईंना आवडेल.

आणि दिवसांचा क्रम आत्ता पक्का करू नका. आदल्या रात्री ड्रायव्हरला मेसेज करा, 'उद्या वर पाऊस आहे का?' क्युरपिपला धो-धो आणि फ्लिक-अन-फ्लॅकला लख्ख ऊन हे रोजचंच. त्याला आभाळ कळतं. तो म्हणाला आज शामारेल नको, तर ऐका.

निनाद_गो

क्युरपिप ते पोर्ट लुई मेट्रोही आहे आता, आपल्या एल अँड टीने बांधलेली. लेकीला आवडेल. ड्रायव्हरला रोझ हिलला सोडायला सांगा आणि पोर्ट लुईला घ्यायला बोलवा, कोंडीही टळेल.

अबोली_

हे भारी आहे, बाबांना रेल्वेचं वेड आहे! टीप किती द्यायची? आणि माझा मामेभाऊ ऐनवेळी येतोय म्हणतो, त्याला ल मोर्न चढायचा आहे.

वाटसरू

टीपेची सक्ती नाही. शेवटच्या दिवशी मनापासून द्या, आणि त्याचा नंबर पुढच्या माणसाला द्या. त्याचं पोट त्यावर चालतं.

ल मोर्नसाठी भाऊसाहेबांची वेगळी गाडी पहाटे निघेल अशी ठरवा. वरचा टप्पा उभा आहे, दोर धरून चढायचा, वाटाड्याशिवाय जाऊ नये, पाऊस पडून गेला असेल तर मुळीच नाही. आणि ते आल्यावर माणसं सहा होतील, सात आसनी गाडीत मागे सामानाला जागा राहणार नाही. विमानतळाच्या दिवशी मोठी व्हॅन सांगा.